दोन बाय तीनचा तुकडा

सोलापुरात एका अंगणातल्या प्लास्टिकच्या हिरवळीचा तुकडा कापून दुसऱ्या अंगणात बसवला, तरी तो पहिल्या घराचाच राहतो, आणि त्या घरची माणसं रोज संध्याकाळी त्यावर येऊन बसतात. म्हणूनच गफूर मिस्त्रींनी काम सुरू करण्याआधी हिरेमठांची सही घेतली.

गुरुपादप्पा हिरेमठांना टपाल खात्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. रो-हाउसमध्ये ते एकटेच राहत. अंगणातली हिरवळ फाटकापाशी इतकी झिजली होती, की खालची काळी जाळी दिसत होती. मिस्त्रींनी उकिडवं बसून उरलीसुरली पाती बोटांनी उलटी फिरवून पाहिली.

"इथं रोज कोण उभं राहतंय?"

"मीच."

"कुणाची वाट बघता?"

"तसं कुणाची नाही," हिरेमठ म्हणाले. "इथनं रस्ता दिसतो."

मिस्त्रींनी तेवढं कागदावर लिहून घेतलं. कोरा तुकडा लावला असता तर उन्हानं विटलेल्या हिरवळीत तो ठिगळासारखा दिसला असता. तेव्हा तितकीच विटलेली हिरवळ शोधावी लागली. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, टॉवेलचे माग चालवणाऱ्या गड्डमांकडे मिळाली. मिस्त्रींनी दोन फूट बाय तीन फूट तुकडा आणला, पात्यांचा कल जुळवला, खालून पट्टी चिकटवली, वर वाळू पसरून ब्रश फिरवला आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला गड्डम आले. श्रीनिवास, त्यांची बायको पद्मा आणि आई नरसम्मा. तिघं तुकड्यावर गुडघ्याला गुडघा लावून बसले.

"काका, आमच्या अंगणात यायला तुमच्या फाटकातनं यावं लागतंय," पद्मा म्हणाली. "राग मानू नका."

"राग कसला? या की."

हिरेमठांनी आत जाऊन चार कप चहा केला. नरसम्मांनी हात जोडले. "आपल्या घरी बसून रोज दुसऱ्याचा चहा कसा प्यायचा हो?" त्यांनी स्वतःचा थर्मास आणला होता. हिरेमठांनी ट्रे परत नेला आणि ओट्यापाशी उभं राहून एक कप प्यायला.

पुढं त्यांनी आपली खुर्ची तुकड्याच्या कडेला नेऊन ठेवली. पाय मात्र जोडाच्या शिवणीपलीकडे टाकले नाहीत. गड्डम आपापसात सुताचं, गुडघेदुखीचं, कुणाच्या तरी लग्नाचं बोलत. मध्येच नरसम्मा विचारत, "तुमच्याकडं वारं आहे का? आमच्याकडं अजिबात नाही."

"आमच्याकडंही नाही," हिरेमठ सांगत.

पाच वाजता ते इस्त्रीचा शर्ट घालू लागले. एकदा गड्डमांना यायला सात वाजले, तेव्हा ते रुसून आत जाऊन बसले. आत कुणी बघायला नव्हतं म्हणून परत बाहेर आले.

मार्चमधल्या एका संध्याकाळी नरसम्मांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि तो शिवणीपलीकडे सरकवला. हिरेमठांनी तो घेतला. त्यामागचं कारण त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

"गड्डम भिवंडीला निघाले," मिस्त्री पिशवीतून कटर काढत म्हणाले. "मागसुद्धा गेले. तुकडा न्यायला आलोय."

घर हललं की तुकडाही हलतो, त्याला कुणाचा इलाज नसतो. मिस्त्री कापत असताना हिरेमठांनी एक कड धरून ठेवली. तुकड्याची गुंडाळी झाली. खाली नुसती माती राहिली, आणि तिच्यात एक चप्पट झालेली मुंगी.

"दुसरा बसवू का? बाळे गावाकडं चौघांचं घर आहे. हसरी माणसं आहेत."

"तीही कधीतरी जातील."

"जातील की." मिस्त्रींनी कटर पुसलं. मग म्हणाले, "नाहीतर तुमचाच तुकडा देता का? एकट्या माणसाच्या तुकड्याला फार मागणी आहे. गर्दी होत नाही."

हिरेमठांनी त्याचा दिवसभर विचार केला. संध्याकाळी ते साडेपाचला इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले, तेव्हा समोर कुणी नव्हतं. सकाळी त्यांनी मिस्त्रींना फोन केला.

त्यांचा तुकडा विमल कोनापुरे यांच्या अंगणात बसला. विमलबाईंनी मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं शिवण शिकवलं होतं, आणि त्याही एकट्याच होत्या. हिरेमठ रिक्षानं गेले, घडीची खुर्ची बरोबर घेऊन. बाई पायरीवर मेथी निवडत होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुमचं घर तिकडं. कढीपत्त्यापाशी."

खुर्चीचे चारही पाय तुकड्यात कसेबसे मावले. बाईंनी मेथीची एक जुडी संपवून दुसरी सोडली. हिरेमठ डोळ्यांवर हात धरून बसले होते.

"तुमच्याकडं ऊन आहे," बाई अखेर म्हणाल्या. "माझ्याकडं सावली आहे."

हिरेमठांनी शिवणीकडे पाहिलं. मिस्त्रींचं काम स्वच्छ होतं, तरी ज्याला माहीत असेल त्याला ती दिसत होती. ते उठले. खुर्चीचे पुढचे दोन पाय उचलून त्यांनी बाईंच्या बाजूला टेकवले. मागचे दोन हिरेमठांच्याच घरात राहिले. मग ते अंग सावरून बसले, आणि बाईंनी निवडायला अर्धी मेथी त्यांच्याकडे सरकवली.