जावयाचा कंपायलर, सासऱ्याचा पडदा

"इन्स्पेक्टर पळाला!" असं ओरडत गुणवंतराव घरात शिरले आणि वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसलेला हेमराज खुर्चीत आणखी खाली सरकला.

पळालेला इन्स्पेक्टर खऱ्या पोलिसातला नव्हता. वडशात गुणवंतरावांची नाटक कंपनी होती, आणि यंदाच्या नव्या नाटकात खून होता, गाणी होती, लग्न होतं आणि शेवटी सगळ्यांना बेड्या घालणारा एक इन्स्पेक्टर होता. दिवाळी होऊन गेलेली. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडईचे, म्हणजे जत्रेचे, दिवस आले होते, मंडई म्हटली की नाटक आलंच, आणि नेमक्या अशा वेळी इन्स्पेक्टर होणारा नट दुसऱ्या कंपनीत गेला होता. आता घरात रिकामा, धडधाकट आणि उंच असा एकच माणूस होता. तो म्हणजे जावई.

हेमराज मूळचा सिंदेवाहीचा. नोकरी हैदराबादच्या कंपनीत, पण काम घरून. दिव्यानीशी लग्न झाल्यावर काही महिने सासुरवाडीला राहू म्हणून आला आणि राहिलाच. गुणवंतरावांचा जावयावर राग नव्हता, पण माणूस दिवसभर खुर्चीत बसून बोटं हलवतो आणि त्याला काम म्हणतो, हे त्यांच्या गळी काही केल्या उतरत नव्हतं.

"जावईबापू, उंची झकास हाये तुमची," ते जिना चढून आल्या आल्या म्हणाले. "वर्दी फिट बसते तुमाले."

"मामाजी, मले नाई जमत स्टेजवर."

"जमत नाई म्हंजे काय? चार तं वाक्यं हायेत!"

चार वाक्यं! कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये हेमराजला एकदा नुसते आभार मानायला उभं केलं होतं. तो माइकसमोर गेला, स्वतःचं नाव सांगितलं आणि खाली उतरला. पुढे आठवडाभर पोरं त्याच्याजवळ येऊन "आभारी आहे" म्हणत होती. तेव्हापासून स्टेज दिसलं की त्याच्या हातापायांना घाम फुटायचा. म्हणून जीव वाचवण्यासाठी तो बोलून गेला, "त्यापेक्षा मी तुमाले एक पेटी बनवून देतो. बटन दाबलं का घंटा, पडदा, लाइट, सगळं आपोआप."

गुणवंतरावांनी थोडा विचार केला. "ठीक हाये. पेटी चालली तं वर्दी नाई. नाई चालली तं पोंभुर्ण्याकडच्या मंडईत तुमी इन्स्पेक्टर."

हेमराजने जिवाच्या आकांताने पेटी बनवली. आत नखाएवढी चिप, बाहेर एक बटण. बटण दाबलं की घंटा व्हायची, मग जरा थांबणं, मग मोटरने पडदा उघडायचा, पुन्हा थांबणं, मग हळूहळू उजेड आणि त्या दृश्याचं संगीत. पुन्हा दाबलं की पडदा मिटून पुढचं दृश्य. पहिल्या चाचणीत सगळं झालं, फक्त उजेड उचकी लागल्यासारखा आला. नायिका मंजुषाबाई नागपूरहून खास आलेल्या. त्या तिथल्या तिथे कडाडल्या.

"हा उजेड होय का वीज पडून राह्यली? माझं तोंड दिसते, जाते, दिसते, जाते! असं असन तं मी चालली परत!"

"बाई, उद्या दुपारपर्यंत ठीक करून देतो," हेमराज म्हणाला. उद्या दुपारीच पोंभुर्ण्याकडच्या झिंगूभाऊंची मंडई कमिटी रंगीत तालीम पाहायला येणार होती. त्यांना आवडलं तर नाटक पक्कं. नाही आवडलं तर ती माणसं दुसऱ्या कंपनीच्या दारात, मंजुषाबाई नागपूरच्या गाडीत आणि हेमराज वर्दीत.

दुखणं काय आहे ते त्याला कळलं होतं. उजेड वाढवताना चिपला दर पायरीला बारीकबारीक फंक्शनांकडे, म्हणजे प्रोग्रॅमच्या वेगळ्या लिहून ठेवलेल्या तुकड्यांकडे, खेटे घालावे लागत होते, आणि त्यात तिचा जीव जात होता. तेव्हा त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोग्रॅम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरच्या ऑप्टिमायझेशनची, म्हणजे वेगासाठीच्या काटछाटीची, पातळी शून्यावरून थेट तीनवर नेली आणि इनलायनिंगची मर्यादा वाटेल तेवढी वाढवून ठेवली.

"हे इनलायनिंग काय होय?" दिव्यानीने विचारलं.

"आपला सोमाजीभाऊ प्रॉम्प्टर हाये ना? नटाले वाक्य आठवलं नाई का थो विंगेकडं पाह्यते, सोमाजीभाऊ सांगतेत, मंग थो परत तोंड फिरवते. या जाण्यायेण्यात टाइम जाते. त्यापेक्षा सोमाजीभाऊजवळचं वाक्य ज्याच्या त्याच्या समोर चिकटवून देलं तं?"

"मंग सोमाजीभाऊ काय करतीन?"

"काई नाई. त्याहीचं कामच नाई उरत. कंपायलर सरळ काढून टाकते त्याहीले."

दारात चहाचे दोन कप घेऊन सोमाजीभाऊ उभे होते. वीस-पंचवीस हिवाळे या माणसाने विंगेत उभं राहून काढले होते. त्यांनी कप टेबलावर ठेवले आणि उलट्या पावली जिना उतरले. हेमराजचं लक्ष लॅपटॉपवरच्या लाल अक्षरांकडे होतं. कंपायलर सांगत होता की प्रोग्रॅम आता चिपमध्ये मावत नाही.

"एवढा मोठा कसा झाला?" दिव्यानी म्हणाली.

"एकच फंक्शन पन्नास जागी चिकटवलं ना, म्हणून फुगला."

"मंग थोडे कमी चिकटवा! टेम्पोत सामानच भरलं तं नट कुठी बसतीन?"

बायकोचं म्हणणं रास्त होतं. हेमराजने मर्यादा जरा खाली आणली, कंपाइल केलं. मावेना. अजून खाली आणली. भाजीत जास्त पडलेलं मीठ कमी करायला बघावं तसं त्याचं चाललं होतं. शेवटी एकदाचा प्रोग्रॅम मावला. मोठी फंक्शनं जागच्या जागी राहिली, बारकी तेवढी जिथल्या तिथे चिकटली. त्याने बल्ब जोडून पाहिला तर उजेड असा मऊसूत आला की वच्छलाबाई, म्हणजे त्याच्या सासूबाई, स्वयंपाकघरातून बाहेर येऊन पाहत राहिल्या. पडदा जोडून पाहायचा राहिला, कारण पडदा त्या वेळी शिंप्याकडे होता. आणि उजेड बरोबर आला म्हणजे बाकीचं येणारच, हे हेमराजने मनाशी धरूनच टाकलं.

दुपारी झिंगूभाऊ चार माणसं आणि कमिटीतल्या केसरबाईंना घेऊन आले. कंपनीच्या आवारातल्या रंगमंचासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. आत मंजुषाबाई सोफ्यावर बसल्या. आणि तेवढ्यात कळलं की सोमाजीभाऊ बाहेर बाकड्यावर पाठ फिरवून बसलेत आणि उठायला तयार नाहीत.

"काऊन हो सोमाजीभाऊ?" गुणवंतराव धावले.

"मले कायले बोलावता? मले तं काढून टाकून राह्यले! तुमच्या जावयानं सोताच्या तोंडानं म्हटलं. आता म्हना मशीनले, सांग म्हना वाक्य!"

हेमराजने हात जोडले, चिपची गोष्ट समजावून सांगितली, तसे सोमाजीभाऊ आणखीच तापले. नटांपैकी एकालाही पहिल्या पानापुढे पाठ नव्हतं, आणि तिकडे झिंगूभाऊ घड्याळाकडे बघू लागले होते.

"जावईबापू," गुणवंतराव दात आवळून म्हणाले, "तुमी लावला हा घोळ, तुमीच निस्तरा. संहिता घ्या आन् सोफ्यामागं बसून वाक्यं सांगा."

"पण बटन विंगेत हाये, मामाजी!"

"मंग बटन दाबा आन् जाऊन बसा!"

हिशेबाने ते बरोबर होतं. घंटा झाल्यावर पडदा जरा थांबून उघडायचा, आणि तेवढ्यात सोफ्यामागे सहज पोचता आलं असतं. हेमराजने देवाचं नाव घेतलं, बटण दाबलं आणि संहिता छातीशी धरून वाकून पळाला.

घंटा आणि पडदा एकदमच झाले. हेमराज रंगमंचाच्या बरोबर मध्यावर वाकलेला होता, आणि त्याच्यावर हळूहळू, अतिशय सुंदर, मऊसूत उजेड येत गेला.

तो गरकन वळून विंगेकडे धावला, तर पडदा मिटला. हायसं वाटून तो थांबला, तर पडदा पुन्हा उघडला. आता उजेड लाल होता आणि खुनाच्या प्रसंगाचं संगीत चालू होतं. तो दुसऱ्या बाजूला पळाला. पडदा मिटला, उघडला. निळा उजेड, गडगडाट, पाऊस. परत मिटला, परत उघडला, आणि सनई वाजायला लागली. सगळं नाटक मंजुषाबाईंच्या डोळ्यांदेखत उरकलं, आणि त्या अजून सोफ्यावरून उठल्यासुद्धा नव्हत्या. अखेर पडदा उघडा राहिला. हेमराज लग्नाच्या झगमगाटात धापा टाकत उभा होता.

मंजुषाबाईंनी विंगेकडे पाहिलं. तिथे वाक्य सांगणारं कोणी नव्हतं. पण बाई जातिवंत नटी होत्या. त्या कमरेवर हात ठेवून उठल्या.

"कोन होय रे तू?"

भीतीने हेमराजला खोटं सुचेना. "मी पडदेवाला, बाई."

"मंग पडद्यामागं राहाचं का असं समोर नाचाचं?"

"मागंच होतो मी. पडदा थांबला नाई."

"काऊन नाई थांबला?"

"त्याले थांबाचं काई कारण दिसलं नाई."

केसरबाई फिस्सकन हसल्या. त्यांच्यामागोमाग चारही माणसं.

"आन् तू काऊन थांबला मंग?"

"मले कुठी जावं तेच समजून नाई राह्यलं," हेमराज रडवेल्या आवाजात म्हणाला, आणि झिंगूभाऊ खुर्चीतून खाली यायचे तेवढे राहिले. हेमराजने विंगेत झेप घेऊन वायर उपटली.

लॅपटॉप उघडल्यावर चूक त्याला लगेच दिसली. उजेडाचा वेग चिपमधल्या घड्याळावर चालायचा, त्याला धक्का लागला नव्हता. पण बाकी सगळं थांबणं त्याने एका एवढ्याशा फंक्शनवर सोपवलं होतं. नुसते आकडे मोजायचे आणि परत यायचं. ते बारकं म्हणून कंपायलरने जिथे तिथे चिकटवलं, चिकटवल्यावर आत काय आहे ते बघितलं, आणि त्याला दिसलं की हा गडी आकडे मोजतो खरा, पण त्या आकड्यांचं कोणी काही करत नाही. मग कंपायलरने ते मोजणंच साफ पुसून टाकलं. दाबल्यावर बटण आत क्षणभर थरथरतं, ते स्थिर होईपर्यंत थांबायचं, तेही त्यातच गेलं, म्हणून एकदा दाबलेलं बटण पेटीला चार-पाचदा दाबल्यासारखं वाटलं. इलाज एका शब्दाचा होता. आकड्यापुढे व्होलाटाइल लिहायचं, म्हणजे कोणी विचारो न विचारो, मुकाट्याने मोजायचं. हेमराजने तो शब्द लिहिला आणि कपाळावर हात मारला.

"दुरुस्त नका करू!" गुणवंतराव धावतच विंगेत आले. चेहरा नुसता फुललेला. "झिंगूभाऊनं नाटक पक्कं केलं! म्हणते, सुरुवात अशीच पाह्यजे, आन् थो पडदेवाला बी पाह्यजे!"

"मामाजी, आपलं ठरलं होतं. पेटी चालली तं..."

"वर्दी नाई, असं ठरलं होतं. शब्द पाळतो मी. वर्दी नाईच. इन्स्पेक्टर दुसरा पाह्यतो मी. तुमी हाये त्याच कपड्यात उभं राहाचं."

हेमराजने दिव्यानीकडे पाहिलं. ती तोंडाला पदर लावून हसत होती. तिच्याकडून मदतीची आशा नव्हती.

मग दुसरंच त्रांगडं उभं राहिलं. पेटी जुन्याच प्रोग्रॅमवर ठेवली, तर ती रोज वेगळी बिघडायची. कधी पडदा पाचदा उघडायचा, कधी दोनदा, आणि एका तालमीला तर एकदाच, अगदी शहाण्यासारखा उघडला. तेव्हा गुणवंतराव पेटीवर खेकसले, "आज नीट काऊन चालून राह्यली ही?" त्यामुळे हेमराजला बसून नवीन प्रोग्रॅम लिहावा लागला, आणि त्यात पडदा दर वेळी नेमका तसाच चुकायचा. सोमाजीभाऊंचा रुसवाही निघाला. हेमराजने जाऊन सरळ पाय धरले आणि म्हणाला, "भाऊ, मले वाक्यं कोन सांगन?" तेव्हा त्यांचा चेहरा पालटला. तालमीत हेमराज जे घाबरून बोलला होता ते सगळं त्यांनी मंजुषाबाईंना विचारून संहितेत उतरवून घेतलं. पोस्टरवर नायिकेच्या खालोखाल फोटो छापला गेला, 'हास्यसम्राट हेमराज (हैदराबाद)'.

पहिल्या प्रयोगाला गाव लोटलं होतं. पडद्याआड हेमराज वाकून, संहिता छातीशी धरून मध्यावर उभा राहिला. विंगेत सोमाजीभाऊंनी बटण दाबलं. घंटा झाली.

पडदा मात्र हलला नाही. त्या दिवशी पडदा उघडला तेव्हा हेमराजला घाबरायला वेळच मिळाला नव्हता. आज मिळाला, आणि भरपूर मिळाला. एवढ्या गर्दीचं बोलणं शांत होईपर्यंत थांबावं म्हणून त्याने स्वतःच्या हाताने ती वेळ वाढवून ठेवली होती. आता चिप एकेक आकडा इमानेइतबारे मोजत होती. पडद्यापलीकडे हजारो माणसं खोकत होती, हसत होती, लेकरं रडत होती. हेमराजने विंगेकडे मान वळवली.

"सोमाजीभाऊ," तो कळवळून म्हणाला, "हे थांबणं काढून टाका ना कोनी!"

"हे वाक्य नाई तुमचं, जावईबापू," विंगेतून सोमाजीभाऊ कुजबुजले. "तुमचं वाक्य 'मी पडदेवाला, बाई'. थांबा, अजून टाइम हाये."