इमासच्या अंगणातले बांध

कोर्टाची माणसं जागा पाहायला येणार, म्हणून इमासनं पहाटेच चुलीवर जेंगकोल चढवले. या बियांचा वास चार घरं ओलांडून जातो. इमासला तो शेजारच्या एकाच घरी पोचायला हवा होता. बांधापलीकडे जेंगकोलवर जीव टाकणारा तिचा धाकटा भाऊ उंदांग राहत होता. बाप गेल्यापासून दोन घरांमधल्या हातभर पट्टीचा दावा चालला होता, आणि तेव्हापासून त्यानं बहिणीच्या ओसरीवर पाऊल ठेवलं नव्हतं. आज मात्र त्याला तिच्या अंगणात यावंच लागणार होतं, कोर्टाचा हुकूम होता. भाताची वाफ चेहऱ्यावर घेत ती कांडणाच्या चालीवर गुणगुणली,

"तांबड्या पानाच्या झाडा, तुझी मुळं माझ्या दारी,
भाऊ बांधापलीकडे, वाफ भाताची माघारी."

न्यायाधीशबाई आल्या. मागे टेप घेतलेला कारकून, त्याच्यामागे उंदांग आणि त्याचा वकील.

"हद्दीची खूण काय?"

"हंजुआंग, बाईसाहेब," भाऊ-बहीण एकदम म्हणाले. बांधावर दुसरं कोण काय लावतं?

"बरं. या तांबड्या झाडांवरून चला."

झाडांची रांग बांधावरून सरळ निघाली, मग चवळीच्या वाफ्यात शिरली. तिथून कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा घालून ती माशांच्या तळ्याकाठी उतरली, कपड्यांच्या दोरीखालून गेली आणि इमासच्या न्हाणीपाशी येऊन थांबली.

"या खुणांप्रमाणे," कारकून घाम पुसत म्हणाला, "कोंबड्या वादीच्या आणि अंडी प्रतिवादीची."

"इमास, ही एवढी झाडं कुणी लावली?"

"लावली कुठं, बाईसाहेब! पावसाआधी बांधावरची छाटली. फांद्या काय टाकायच्या? वेलाला आधार म्हणून खोचल्या, दोरीला खोचल्या. मेल्या सगळ्या रुजल्या!"

"बांध सरकवायचा हा उघड डाव आहे!" वकील कडाडला.

"डाव कसला?" उंदांगच्या तोंडून निघून गेलं. "आमची आक्का काही टाकतच नाही. मोडकी पळीसुद्धा जपून ठेवते."

वकिलानं त्याला कोपर मारलं. "अहो, दावा तुम्ही लावलाय!"

बाईंनी मूळ रांगेकडे बोट केलं. "यातलं हे तिरकं का?"

"ते ह्यानं लावलेलं, लहानपणी," इमास म्हणाली. "डावरा ना! सगळं डावीकडे कलतं. बाबा म्हणायचे, उंदांगचं झाड वाऱ्याला विचारून उभं राहतं."

उंदांग जमिनीकडे बघत हसला. इमासनं तेवढ्यात साधून घेतलं. "भात झालाय. घासभर खाऊन जा."

"बाईसाहेब, ही लाच आहे!"

"तुमच्या बाईसाहेबांना कोण म्हणतंय? मी ह्याला म्हणते."

उंदांगची मान चुलीकडे वळली. वकील कानाशी लागला, "तिच्या ओसरीवर बसलात तर तिचा ताबा मान्य केल्यासारखं होईल!" उंदांग अंगणात उभाच राहिला.

"जास्तीची झाडं उपटून टाका," बाई निघताना म्हणाल्या. "एकच रांग उरली की मी निकाल देते. नाहीतर या सगळ्यांना घेऊन मला परत यावं लागेल."

दुपारभर इमास झाडं उपटत होती. पट्टी कुणालाही मिळो, पण निकाल लागला की हुकूम संपला, आणि हुकमाशिवाय हा कशाला येतोय? प्रत्येक मूळ निघताना भाऊ एकेक पाऊल लांब गेल्यासारखा वाटला. दिवेलागणीला तिनं जेंगकोल केळीच्या पानात बांधले आणि बांधावरच्या तिरक्या झाडाला ते पुडकं लटकवलं.

सकाळी पुडकं नव्हतं.

"मांजरानं नेलं असेल," असं स्वतःशी म्हणत ती वळली, आणि जागच्या जागी थांबली. चवळीच्या मोकळ्या वाफ्यात हंजुआंगच्या ताज्या फांद्या खोचलेल्या होत्या. झाडून सगळ्या डावीकडे कललेल्या.

मांजराला काही फांद्या खोचता येत नाहीत.

इमास घरात गेली आणि पाण्याची झारी भरून घेऊन आली.