चाळणीसोबत दिलेला भाऊ

जुनं यंत्र देऊन नवं घेताना जुन्याबरोबर एक माणूसही द्यावा लागतो, हे तासगावच्या बेदाणा बाजारात कुणाला नव्याने सांगावं लागत नाही. नवं यंत्र येतं, टेम्पो रिकामा होतो आणि परत जाताना त्यात जुनं यंत्र आणि त्याचा माणूस चढतो. घरातलं कुणीतरी डोळे पुसतं. मग चहा होतो.

कोणताही माणूस चालत नाही. यंत्राला ज्याच्या हाताची सवय असेल तोच लागतो, कारण त्याच्याशिवाय जुन्या यंत्राला गिऱ्हाईक मिळत नाही. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर हे रास्तच आहे. म्हेत्र्यांनी मागे वजनकाट्याबरोबर आपला दिवाणजी द्यायचा सोडून कुठलासा हमाल खपवायला बघितला होता. काटा आठवडाभरात परत आला, हमालासकट, आणि बाजारात म्हेत्र्यांची शोभा झाली ती वेगळीच.

कुमुद शिरोटेला हे सगळं ठाऊक होतं. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि वडिलांच्या मागे तिने आणि थोरल्या भावाने, भालचंद्रने, बेदाण्याची शेड चालवली. दादा चाळणीचं यंत्र बघायचा, ती धंदा बघायची. दादाने लग्न केलं नव्हतं. संध्याकाळी दोघं समोरासमोर बसून जेवायची, फारसं बोलायची नाहीत. त्या घरात तेवढीच दोन माणसं होती.

चाळणी बेदाणा लहानमोठा निवडायची, पण तिला रंग कळत नव्हता. आता बाहेरच्या व्यापाऱ्यांना हिरवा म्हणजे हिरवाच माल हवा होता. पेटीत काळे दाणे दिसले की अख्खी पेटी परत. दोन हंगाम माल परत आला. या हंगामात पुन्हा असं झालं तर आमच्याकडे यायचं नाही, असं व्यापाऱ्याने स्पष्ट सांगितलं. म्हणजे शेड बंद.

एकदा कुणाच्या तरी सांगण्यावरून कुमुदने बेदाणा धुण्याचं भलंमोठं यंत्र घेतलं होतं. त्याला पुरेल एवढं पाणी तासगावात नव्हतं. दुधाने तोंड पोळलेली बाई, ती आता ताकही फुंकून पीत होती. यंत्रात काय काय आहे हे ती विचारायचीच नाही. आपल्याला काय लागतं हे आधी सांगायची. तीन कंपन्यांचे भाव घेतले. वीज किती खाईल, सुटे भाग कुठे मिळतील, मेकॅनिक सांगलीत बसतो की पुण्यात, पाच वर्षांनी माल दुप्पट झाला तर हेच पुरेल का, सगळं विचारलं. ती दुकानात शिरली की विक्रेते सरळ बसू लागले. अखेर आकार आणि रंग दोन्ही निवडणारं एक यंत्र तिने पक्कं केलं.

मग कंपनीचे अदलाबदल अधिकारी श्री. हेरवाडे आले. सभ्य, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी चाळणी चालू करायला लावली आणि शेडमधल्या एकेकाला तिच्याशेजारी उभं केलं. वॉचमन उभा राहिला तेव्हा चाळणी खडखडली. कुमुद उभी राहिली तेव्हा नुसतीच फिरत राहिली. दादा शेजारी आला आणि तिचा आवाज एकदम खाली आला.

"हे गृहस्थ," हेरवाडे म्हणाले.

"माझे भाऊ आहेत ते."

"नात्याची अडचण नसते, मॅडम."

कुमुदने नेहमीप्रमाणे प्रश्न विचारायला सुरुवात केली. "दिलेला माणूस पुढे जातो कुठे?"

"मिरजेच्या गोदामात. यंत्राची दुरुस्ती होते, माणसाचीही होते. मग दोघं एकत्र विक्रीला."

"कुणीही विकत घेऊ शकतं?"

"कुणीही. आम्ही भेदभाव करत नाही."

संध्याकाळी जेवताना कुमुदने आपली योजना सांगितली. दादाने जायचं, हंगाम नव्या यंत्रावर काढायचा आणि हातात पैसा आला की चाळणी आणि दादा दोघांनाही परत विकत आणायचं. चाळणी मागच्या खोलीत पडून राहील, दादा घरात राहील.

"लई डोकं चालवलंस, कुमे," दादा म्हणाला. "मग काय, जातो की. तेवढाच बदल."

"तुला वाईट वाटत असलं तर सांग. आपण शेड बंद करू."

"आबांची शेड बंद करतीस? येडी हायेस काय? भाकरी वाढ."

त्याने असं म्हटलं म्हणून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली. पण योजनेत तिला कुठे खोट दिसेना. दुरुस्ती म्हणजे नेमकं काय करतात, एवढंच तिने विचारलं नव्हतं.

नवं यंत्र उत्तम निघालं. काळा दाणा आला की फुस्स करून हवा सोडायचं आणि दाणा बाजूला उडायचा. एकही पेटी परत आली नाही. व्यापाऱ्याने फोन करून कौतुक केलं. कुमुद मात्र संध्याकाळी ओट्याशी उभ्यानेच जेवायला लागली. बसलं की समोरचा पाट दिसायचा.

हंगाम संपल्यावर ती मिरजेला गेली. गोदामात यंत्रं ओळीने मांडलेली होती आणि प्रत्येकाशेजारी स्टुलावर एकेक माणूस होता. दादा दिसायला चांगला झाला होता. खोकला गेला होता, गुडघ्याचं दुखणं गेलं होतं, केस काळे केले होते. तिला पाहून तो अदबीने उठला.

"या ताई. चाळणी बघायचीय? चालवून दाखवू?"

"दादा, मी कुमे."

"नमस्कार," तो म्हणाला आणि त्याने चाळणी चालू केली.

हेरवाडे लगबगीने आले. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली. "दुरुस्तीत जुन्या घराच्या सवयी काढाव्या लागतात, मॅडम. नाहीतर माणूस नव्या जागी रुळत नाही. तक्रारी येतात."

"हे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत. बाकी सगळं विचारलंत, म्हणून मला वाटलं, हे तुम्हाला ठाऊक असेल."

"तरी मी नेणार आहे. दोघांनाही."

"अवश्य. जतच्या एका पार्टीने मागणी केलीय, पण तुम्ही आधी आलात. फक्त वापर सांगा. वापराशिवाय आम्ही विक्री करत नाही. वस्तू पडून राहिली की कंपनीचं नाव खराब होतं."

कुमुदने आयुष्यात पहिल्यांदा उत्तर तयार न ठेवता खरेदीला हात घातला होता.

"संध्याकाळी समोर बसून जेवायला," ती म्हणाली.

हेरवाडे दादाकडे वळले. "येतं का तुम्हाला?"

दादाने प्रामाणिकपणे विचार केला. "जेवता येतंय. पण समोर बसून काय करायचं असतं, ते काय सांगता येणार नाही मला." मग तो कुमुदकडे वळून समजुतीने बोलला, "ताई, राग मानू नका. तुमच्याकडं यंत्र कुठलं हाय?"

"रंग निवडणारं. आकारही निवडतं."

"मग चाळणी कशाला घेताय? गरज बघून घ्यावी वस्तू. जतच्या लोकांचा माल खोळंबलाय. त्यांना द्या, तुमचेही पैसे वाचतील."

सल्ला बिनचूक होता. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर तिनेही हाच दिला असता. कुमुदला रडू आलं आणि ती तिथेच, खुर्चीत बसून रडली. हेरवाड्यांनी पाणी मागवलं. दादा अवघडून उभा राहिला आणि चाळणी बंद करावी की चालू ठेवावी, असं त्याने त्यांना हळूच विचारलं.

कुमुदने आपली मागणी सोडली आणि दुपारी जतचा टेम्पो आला. हमालांनी चाळणी वर चढवली, दोरखंडाने आवळली. दादा मागोमाग चढला आणि तिला धक्का बसू नये म्हणून तिच्या पत्र्यावर हात ठेवून बसला. ड्रायव्हर पुढे जाऊन बसला होता. कुमुद खाली उभी होती. तिला घरी जायची घाई नव्हती.

"ताई," दादा वरून म्हणाला, "तेवढा मागचा फाळका लावता का? वरनं हात पोचत नाही."

कुमुदने फाळका वर उचलला, कडी घातली आणि साखळी ओढून बघितली. ती घट्ट बसली होती.