खालची लाल ओळ

कुणाचं मूल आजारी आहे असं कळलं की रफीकभाई आधी त्या मुलाच्या आईचा चेहरा निरखत. ती हसताना दिसली की बेचैन होत. "लेकरू लाल अन् माय हिरवी? फॉर्म्युला चुकला हिचा," म्हणत.

तेल्हाऱ्याच्या आमच्या कार्यालयात ते संगणकावरची पाणीटंचाईची शीट सांभाळायचे. गेल्या आठवड्यात ते वारले. आता त्यांच्या खुर्चीवर मी बसतो.

कापसानं दगा दिला, विहिरी आटल्या, त्या वर्षांत ही शीट जन्मली. वर तालुका, त्याखाली गावं, गावाखाली वस्त्या. प्रत्येक ओळीपुढे पातळीचा आकडा: तालुक्याला एक, गावाला दोन, वस्तीला तीन. आकडा पाहून रंग आपोआप चढे. तालुका गडद हिरवा, गाव फिकट, वस्ती पांढरी आणि पाणी संपलेली वस्ती लाल. एकदा मी पुस्तकात पाहून रंगाच्या सूत्रात रकान्याच्या अक्षरापुढे डॉलरचं चिन्ह लावलं, तसं ओळीच्या आकड्यापुढेही लावलं. झालं, प्रत्येक ओळ पहिल्या ओळीकडेच पाहू लागली आणि सगळी यादी गडद हिरवी झाली.

रफीकभाई म्हणाले, "ओ पुस्तकवाले, पुऱ्या वस्त्यायले तालुका करून टाकलं तुमी! आकड्याचा डॉलर काढा. ज्यानं त्यानं आपली ओळ पाहावं."

त्याच उन्हाळ्यात एका गावची वरची वस्ती कोरडी पडली. गावच्या विहिरीला पाणी होतं, म्हणून गावाची ओळ हिरवी. नवे साहेब वस्त्यांच्या ओळी लपवून ठेवत; गावापुढचं अधिकचं चिन्ह दाबलं तरच त्या उघडत. त्यांना गावं दिसली की पुरे. वस्तीला टँकर मिळेना. रफीकभाईंनी मग एक नवा नियम बसवला: खाली एक जरी लाल असली तरी वरचं गाव लाल, आणि गाव लाल तर तालुकाही लाल.

अकोल्याच्या बैठकीच्या दिवशी सकाळी साहेब ओरडतच आले.

"रफीक, अख्खा तालुका लाल कसा?"

"खाली एक वस्ती लाल हाय, साहेब."

"एका वस्तीसाठी? बैठकीत उभं करतील मला!"

"करू द्या ना. इचारलं तं अधिकचं चिन्ह दाबा, खाली नाव हाय."

"तो रंग काढा आधी."

"मी कायले काढू? टँकर निंघाला की आपोआप जाते तो."

दुरुस्तीला वेळ नव्हता. साहेब तसेच गेले. बैठकीत प्रश्न आला, साहेबांनी अधिकचं चिन्ह दाबलं आणि तिसऱ्या दिवशी टँकर वस्तीवर पोचला. साहेबांनी पुढे हा नियम स्वतःचाच म्हणून सगळीकडे सांगितला. रफीकभाई म्हणाले, "सांगू द्या. रंग तं चढून राहिला ना!"

याला तीन वर्षं झाली. वस्तीच्या विहिरीला पुन्हा पाणी आलं. आमच्या हिशेबी तो विषय संपला होता.

काल संध्याकाळी पाच वाजता टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे एक म्हातारी होती.

"भाऊ, आज इहिरीत दोर नऊ हात लागला."

"कोण बोलता?"

"वरच्या वस्तीवरची अनुसया. दुकानातून बोलून राहिली. टँकर चालू होता तवापासून रफीकभाऊ रोज पाचले फोन करते ना, मावशी, दोर किती लागला, जेवली काय म्हणून."

"पण टँकर तर कधीचा बंद झाला, मावशी."

"मीबी तेच म्हटलं त्याले. आता इहिरीत पाणी हाय, कायले इचारता? तं म्हणे, मावशी, मले घरी पुसणारं कोणी नाही. मी दोराचं पुसतो, तुमी मले जेवल्याचं पुसत जा. आठ दिस झाले फोन नाही आला, म्हणून मीच लावला. जेवला ना तो?"

मग मी विचारलं, "मावशी, तुम्ही जेवलात का?"

"जेवली."

मग मी तिला सांगितलं.