कपाळाला लावलेलं घर

एका जंगलात, बाळांनो, कुणालाच नाव नव्हतं. जंगल इथलं नाही, पार तिकडे स्पेन देशातलं. पण मूर्खपणाला कुठे पासपोर्ट लागतो! तिथे कुणी “ए!” म्हणून हाक मारली की चाळीस माना वळायच्या.

त्या जंगलात एक ससा होता. बायकोचे दिवस भरत आले होते आणि आजोबांच्या बिळात पाणी झिरपायचं. म्हणून त्याने खपून टेकडीवर कोरडं, ऐसपैस बीळ खोदलं. बाकीचे सगळे वाडवडिलांच्याच बिळात दाटीवाटीने राहणारे. ते बघायला आले आणि त्यांनी तोंडात बोटं घातली. तिकडच्या भाषेत नव्या घराला ‘एचेबेरी’ म्हणत. तेच बिळाचं नाव पडलं. पाठोपाठ ते सशालाही चिकटलं.

बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्यांनी त्याचं ‘शाविएर’ केलं. घाईतल्या तरुणांनी ‘हाविएर’ केलं. बायको लाडाने ‘हावी’ म्हणू लागली. ससा सगळ्यांना ओ द्यायचा. ओ दिली की लोक लवकर जातात, असा त्याचा अनुभव होता.

एकदा जंगलाची सभा भरली. दोन तास भांडण झालं. शेवटी सगळ्यांनी हावीकडे पाहिलं. हावी गप्प. त्याच्या तोंडात गाजर होतं.

“काय हा संयम!” कोल्हीण आत्याबाई गहिवरल्या. “अहो, हा संत आहे, संत!”

आत्याबाई म्हणजे जंगलातल्या झाडून सगळ्या पोरांच्या आत्या. बारशाला कानात कुर्र करायचा मान त्यांचा, सांगायला नाव मात्र आजवर नव्हतं. त्या दिवसापासून त्या दिसेल त्या बाळाच्या कानात ‘हाविएर’ सांगू लागल्या. शिवाय संताच्या बिळातली चिमूटभर माती बाळाच्या कपाळाला.

“आत्याबाई, बीळ ढासळतंय हो,” हावी म्हणाला.

“अरे, चिमूटभर तर घेतेय! तुझं नाव होतंय आणि तू मातीचं काय घेऊन बसलास?”

लांडगिणीला जुळं झालं. दोन चिमटी. रानडुकरीण व्याली. बारा चिमटी. अस्वलाचं पोर थोराड, त्याला पसाभर लागली. पंधरवड्यात जंगलात चाळीस हावी झाले आणि टेकडीवर नुसता खड्डा उरला.

नेमक्या तेव्हाच बायकोला कळा सुरू झाल्या. ससा दारोदार फिरला.

“एक कोपरा द्या हो. मी हाविएर.”

“कुठला हाविएर?”

“मूळचा. नव्या घराचा.”

“मग घर कुठंय?”

“तुमच्या पोरांच्या कपाळावर!”

प्रकरण आत्याबाईंकडे गेलं. “ज्याला घरच नाही त्याने हे नाव लावणं म्हणजे नावाला बट्टा,” त्यांनी निकाल दिला. नाव काढून घेतलं. चाळीस हावींनी टाळ्या वाजवल्या. ससा पुन्हा ‘ए’ झाला.

त्याला रडू आलं. मग जरा हायसंही वाटलं, कारण ‘ए’च्या दर्शनाला कुणी येत नाही. बायकोला घेऊन तो काटेरी झुडपामागे गेला आणि नखं झिजेपर्यंत खोदत राहिला. संध्याकाळी सात पिल्लं कोरड्या मातीत झोपली होती.

आत्याबाई बारशाला आल्याच. वाकून बघत म्हणाल्या, “नवं घर वाटतं?”

“छे हो, जुनंच!” ससा घाईघाईने म्हणाला. “गळतं. पिसवाही आहेत.”

तात्पर्य: कष्ट करावेत, घर बांधावं, पण नाव होऊ लागलंच, तर तोंडातलं गाजर गिळून चारचौघांत दोन मूर्ख वाक्यं बोलून टाकावीत. आणि बाळांनो, तुमच्यात कुणी हावी असेल तर त्याने आधी कपाळ झाडावं. ती माती कुणाच्या तरी घराची आहे.