सुकटीतला राऊटर

जहाजावर वायफाय एकाच यंत्रापुरतं घ्यायचं आणि बाकीची सगळी यंत्रं त्यावर फुकट चालवायची, हे सुजीतने जहाजाची तिकिटं काढायच्याही आधी ठरवून टाकलं होतं. बोईसरच्या त्यांच्या इमारतीत एका वायफायवर चार बिऱ्हाडं चालत होती आणि ती चालवणारा सुजीतच होता. म्हणजे खिडकीतून खिडकीत वायर टाकायची आणि पावसात ती पुन्हा बांधायची, एवढंच त्याचं कर्तृत्व. पण त्या जोरावर तो इमारतीत अशा थाटात वावरायचा, की तारापूरची वीजसुद्धा याच्या सहीशिवाय सुटत नसावी. (प्रत्यक्षात तो एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात मीटर तपासायचा.) दीपिकाने लग्नाला वीस वर्षं होऊनही नवऱ्याचा हा भ्रम मोडला नव्हता. ही तिचीच चूक, आणि ती तिला जहाजावर महागात पडली.

मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या जहाजाची तिकिटं सुजीतने स्वस्तात मिळाली म्हणून काढली. स्वस्त का, तर रद्द केली तर कवडी परत मिळणार नव्हती. दीपिकाचं माहेर नवापूरचं, घरात दोन पिढ्या होड्या. तिची आई प्रेमला हिने ही बातमी ऐकली आणि तिला जावयाची कीव आली.

"दर्या बघायला पैसे भरले?" ती म्हणाली. "आमच्या भावेशच्या होडीत बसा ना. उलटी तितं पन होते."

तेवढ्यावर भागलं असतं. पण निघायच्या चारच दिवस आधी दीपिकाच्या धाकट्या बहिणीचं, दीपालीचं, चिंचणीत जमलं. नवरदेवाला आखातात कामावर हजर व्हायचं होतं, तेव्हा साखरपुड्याचा मुहूर्त निघाला तो नेमका जहाजातल्या दुसऱ्या दुपारचा. दीपिकाने या बहिणीला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. तिने बॅगेतले कपडे परत कपाटात ठेवले.

मग सुजीतने व्याख्यान दिलं. जग कुठे गेलंय, आणि तू कुठे आहेस. केबिनमध्ये आपण फोन, टॅब, लॅपटॉप अशी चार यंत्रं चार बाजूंना लावू. एकावर नवरी, एकावर नवरा, एकावर भटजी, एकावर जेवणाची पंगत. तुझा फोन वेगळाच. मांडवात बसलेल्यांना दिसणार नाही इतकं तुला दिसेल. दीपिकाने रिकामी बॅग उचलून माळ्यावर टाकली. शेवटी दीपालीनेच फोन केला.

"ताय, तू जा. भाऊजींचे पैसे बुडाले तर ते वर्षभर तेच बोलत बसतील," ती म्हणाली. "मी मांडवात टीव्ही लावायला सांगते. तू टीव्हीवरून 'घाल' बोललीस, की मगच मी हात पुढं करनार. तोवर नाय."

दीपिकाने कपडे पुन्हा बॅगेत भरले.

आता राऊटर जहाजावर न्यायला बंदी. सुजीतला हे तिकिटावर वाचून आनंदच झाला, कारण बंदी असलेली गोष्ट करण्यात त्याला हुशारी वाटायची. प्रेमलाने लेकीला वाटेत तोंडी लावायला भाजलेल्या सुकटीचा डबा दिला होता. सुजीतने राऊटर त्या सुकटीत पुरला. बंदरावरच्या तपासणीवाल्याने डबा उघडला, नाक धरलं आणि ज्या वेगाने उघडला त्याच्या दुप्पट वेगाने बंद करून "जाइए, जाइए" म्हणाला. सुजीत पुढचा अर्धा तास जग जिंकल्यासारखा चालत होता.

साखरपुड्याच्या दुपारी त्याने राऊटर बाहेर काढला, फुंकर मारली आणि सुरू केला. राऊटर गरम होतो, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या जाळीतून आत शिरलेली बारीक सुकटही गरम होते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. थोड्याच वेळात त्या बिनखिडकीच्या केबिनमध्ये असा वास सुटला, की नवापूरच्या मुलीलासुद्धा तो सोसवेना. वर राऊटर दर दोन मिनिटांनी बंद पडायचा. सुजीत चेहऱ्यावर शास्त्रज्ञाचे भाव आणून म्हणायचा, "सिग्नल ॲडजस्ट होतोय."

"पप्पा, सिग्नल नाही, कोळंबी जळतेय," रिद्धी म्हणाली. ती कॉलेजात होती आणि बापाबद्दल तिला आईइतकी माया नव्हती.

"मुहूर्ताला किती वेळ आहे, कळतंय का तुम्हाला?" दीपिकाने विचारलं.

"तू बाहेर जाऊन हवा खा. मी हाक मारतो."

दीपिका स्वतःचा फोन घेऊन बाहेर पडली, पाठोपाठ रिद्धी. वर डेकवर एका काउंटरमागे मुलगी बसली होती. रिद्धीने तिला सरळ जाऊन विचारलं. (हा उपाय सुजीतला वीस वर्षांत कधी सुचला नव्हता.) मुलगी म्हणाली, तुमच्या केबिनचा प्लॅन आहेच. केबिनचा नंबर आणि आडनाव टाका, कुठल्याही फोनवर चालेल. फक्त एका वेळी एकच. दुसऱ्या यंत्रावर कुणी लॉगिन केलं, की पहिलं बंद पडतं.

रिद्धीने नंबर टाकला आणि फोनवर नवापूर उगवलं. मांडव, झेंडूच्या माळा, आई नवीन लुगड्यात, आणि मधोमध दीपाली. मांडवातल्या टीव्हीवर ताई दिसली तशी दीपाली पाटावरूनच हसली. दीपिकाचे डोळे भरून आले. नवऱ्याशिवाय जगात सगळं किती सोपं असतं, असं तिच्या मनात आलं.

"ताय, दिसतंय ना?" दीपाली म्हणाली.

"दिसतंय गं. किती छान दिसतेस."

नवरदेवाने अंगठी हातात घेतली. चिंचणीची त्याची आजी गोदूबाई टीव्हीकडे मान वळवून बसली. दीपिकाने 'घाल' म्हणायला तोंड उघडलं, आणि फोनवरचं चित्र मिटलं.

रिद्धीने स्क्रीनवरची ओळ वाचून दाखवली. दुसऱ्या यंत्रावर लॉगिन झालं होतं. दुसरं यंत्र कोणतं, हे मायलेकींना एकमेकींना विचारावं लागलं नाही. दीपिकाला रडू फुटलं, आणि ते रडू दुःखाचं जितकं होतं तितकंच संतापाचं होतं. रिद्धीने पुन्हा नंबर टाकला, चुकीचा पडला, पुन्हा टाकला. नवापूर परत दिसलं तेव्हा दीपालीच्या बोटात अंगठी होती, लोक पेढे खात होते आणि अख्खा मांडव पोट धरून हसत होता.

"काय झालं रे?" दीपिकाने भावाला विचारलं.

भावेशला हसण्यातून बोलता येईना. "तू गेलीस ना ताय, तशे भाऊजी आले टीव्हीवर. चार वेला."

केबिनमधली चारही यंत्रं सुजीतने आधीच कॉलला लावून ठेवली होती, चार बाजूंना, ठरल्याप्रमाणे. राऊटर जागा झाला तशी चारही एकदम जोडली गेली. सुजीत मात्र त्या वेळी डोकं टेबलाखाली घालून, राऊटरची पिन सॉकेटमध्ये हाताने दाबून धरून, गुडघ्यांवर होता. त्यामुळे नवापूरच्या मांडवाला टीव्हीवर चार चौकोन दिसले आणि चारही चौकोनांत, वेगवेगळ्या अंगांनी, फुलाफुलांच्या बर्म्युडातलं एकच दृश्य.

"मी बोलले, ताय नाय बोलली, थांबा," दीपाली मागून म्हणाली. तिलाही हसू आवरत नव्हतं. "तर गोदूआजी बोलली, मुहूर्त चाललाय, आनि मोठे जावय चार चार ठिकानी वाकून बसलेत, आनखी किती मान द्यायचा. मग घातली."

"आणि तुझ्या अंगठीचा व्हिडिओ?"

"शूटिंगवाला टीव्हीचं शूटिंग करत होता गं ताय."

एवढ्यात जिन्यावरून सुजीत धावत आला. घामाने निथळलेला, हात काळे, अंगाला सुकटीचा दरवळ. डेकवरची माणसं वाट मोकळी करून देत होती.

"आलं," तो धापा टाकत म्हणाला. "चारही चालू झाली. चल लवकर, साखरपुडा चुकेल."

दीपिकाने त्याच्याकडे पाहिलं. वीस वर्षांचं बोलायचं राहिलेलं सगळं ओठांशी आलं होतं. पण तेवढ्यात फोनवर आईचा चेहरा आला, हसून हसून लाल झालेला.

"जावयबापू हायेत का तितं?" प्रेमला म्हणाली. "त्यांना सांग, गोदूबाय बोलतेत, लग्नाला येतील तवा एकदा तोंडाकडून दाखवा. पाटीकडून वलख झाली."