दामूसरांचा काटा

पेणच्या बाजारात भर गर्दीत कुणी "ए सेहेचाळीस!" अशी हाक मारली, तर मी आजही वळून बघतो. माझं वजन आता ब्याऐंशी आहे. पण कॉलेजात ते सेहेचाळीस होतं, आणि आमचे कबड्डीचे दामूसर खेळाडूंना नावानं नव्हे, वजनानं हाक मारत. "एकोणसाठ, पाय उचल! साडेएकोणसाठ, भात कमी गिळ!" माझ्या लग्नात अक्षता टाकल्यावर त्यांनी नवरीकडे एकदाच पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाले, "बावन्न. पकड मजबूत दिसते, जपून रे." त्या पकडीतून मी अजून सुटलेलो नाही.

कॉलेजात वजनकाटा नव्हता. म्हणून सर आम्हाला खाडीकाठच्या मिठागरावर नेत आणि गोणीच्या जागी उभं करत. "माणूस खोटं बोलेल, काटा नाय बोलत," हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

त्या वर्षी रोह्याला साठ किलो वजनी गटाचे सामने होते. आमचा चढाईपटू प्रकाश, म्हणजे सरांचा 'साठ', मिठागरावर राबणाऱ्याचा मुलगा. त्याचा खेळ बघायला एका कंपनीचे साहेब येणार होते. पसंत पडला तर थेट संघात आणि नोकरीत. सकाळी मैदानावर पंचांनी वजनं घेतली. सातच्या सात जण नेहमीपेक्षा दोन-दोन किलो जास्त, म्हणजे साठच्या वर! पात्र ठरलो फक्त मी, राखीव खेळाडू. पंचांनासुद्धा वाईट वाटलं; दुपारपर्यंत पुन्हा वजन द्यायची मुभा त्यांनी दिली.

"सर," प्रकाश हळूच म्हणाला, "मिठागराचा काटा दोन किलो कमीच दाखवतो. ओल्या मिठातलं पाणी धरून तसा लावलेला हाय."

"मग बोलला का नाय, गाढवा?"

"तुम्हीच म्हणता, काटा खोटं बोलत नाय."

सरांनी सगळ्यांना घोंगड्या गुंडाळून जवळच्या वरसे गावापर्यंत पळवलं. मागून सायकलवर शिट्टी वाजवत मी. परतल्यावर सहा जण वजनात बसले, प्रकाशचा काटा मात्र केसभर पुढेच. सरांनी त्याच्या हिरोछाप केसांकडे पाहिलं आणि त्याला ओढतच न्हाव्याकडे नेलं.

"सर, नको! बापूस जिता हाय माझा! टक्कल बघून आई अंगणातच बोंब मारेल!"

सरांनी त्याचा हात सोडला. मग स्वतःच खुर्चीत बसले. "आधी माझी हजामत कर रे. माझ्याकडं बोंब मारायला कोण नाय. आणि साठ, तू घरी सांग, सुतक सरांचं, मी फक्त सोबत केली."

दोन्ही डोकी चकचकीत झाली. काटा मागे आला. त्या दुपारी प्रकाशनं अशा काही चढाया केल्या, की साहेबांनी सामना संपायच्या आत त्याचा पत्ता लिहून घेतला.

आठवड्यानं नोकरीचं पत्र आलं. सरांच्या डोक्यावर नुकते खुंट उगवत होते. बाजारातल्या पानवाल्यानं सुपारी कातरता कातरता हात थांबवला आणि भीतभीत विचारलं, "सर, कोण गेलं?"

"गेलं कोण नाय," डोक्यावरून हात फिरवत सर म्हणाले. "पोरगा लागला माझा नोकरीला."